ऑक्टोबरचा हनिमून: क्रीट, सिसिली की अल्गार्व?

मे-जूनमध्ये लग्न उरकून पावसाळ्यानंतर फिरायला निघणारी जोडपी बहुधा आधी जागा ठरवतात आणि मग रजेचं बघतात. दक्षिण युरोपच्या समुद्राला जायचं असेल तर हे उलटं करा. २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर यांत किनारा तोच असतो, पण पहिल्या तारखेला वाळूत छत्र्या रोवलेल्या असतात आणि दुसऱ्या तारखेला त्या गोदामात गेलेल्या असतात. तुमची रजा कोणत्या आठवड्यात मिळते यावरच अर्धा निर्णय होतो. (तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असलेल्यांनी हे तिन्ही किनारे पुढच्या वर्षावर ढकलावेत. नोव्हेंबरअखेर तिथे थंडी असते.)

इथे तीनच ठिकाणं घेतली आहेत: ग्रीसच्या क्रीट बेटाचा पश्चिम भाग, सिसिलीचा उत्तर किनारा आणि पोर्तुगालचा अल्गार्व. सँटोरिनी मुद्दाम वगळली आहे. पांढऱ्या घरांचे आणि निळ्या घुमटांचे जे फोटो आपण पाहतो ती गावं ज्वालामुखीच्या कड्यावर बसलेली आहेत आणि त्या खोल्यांखाली पुळण नाही. पोहायचे किनारे बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत, काळ्या वाळूचे आणि गोट्यांचे. दोन रात्री फोटोंसाठी ठीक, समुद्रासाठी नाही.

पाणी किती गार

समुद्राच्या पाण्याचं साधारण तापमान, अंश सेल्सिअसमध्ये:

क्रीट: सप्टेंबरअखेर २५, ऑक्टोबरच्या मध्याला २४, ऑक्टोबरअखेर २२
सिसिलीचा उत्तर किनारा: २५, २३, २१ ते २२
अल्गार्व: २१ ते २२, २१, २०

गोव्याला किंवा तारकर्लीला ऑक्टोबरात पाणी २८ च्या आसपास असतं. त्या सवयीच्या माणसाला २४ अंशांत शिरताना पहिला मिनिटभर शिरशिरी येते, मग बरं वाटतं. २१ अंशांत मात्र दहा मिनिटांत ओठ निळे पडतात. अल्गार्वची हवा दुपारी छान उबदार असते, पण समोर अटलांटिक आहे. पोर्तुगाल म्हणजे गोव्यासारखंच असणार, हा समज पाण्यात पाय घातल्याबरोबर जातो.

क्रीट: पाण्यात उतरायचं असेल तर

पश्चिम क्रीटचं मुख्य गाव हानिया. मुक्काम तिथेच करावा, कारण बाकीचा किनारा ऑक्टोबरअखेर मिटला तरी हानियाचं जुनं बंदर आणि गल्ल्या वर्षभर चालू असतात.

दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल, आणि आपल्याकडे हे सर्रास असतं, तर तिन्हींत एलाफोनिसीसारखी जागा नाही. हानियापासून अंतर सुमारे ७५ किलोमीटर, गाडीने दीड तास. मुख्य किनारा आणि समोरचं छोटं बेट यांच्यात उथळ पाणी आहे, बराचसा भाग गुडघ्याएवढा. वाळूला शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे फिकट गुलाबी झाक असते, पण ती पाण्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांत दिसते. सगळा किनारा गुलाबी असेल असं धरून गेलात तर हिरमोड होईल. सकाळी दहाच्या आत पोहोचा. बसेस आल्या की शांतता संपते.

बालोसचं खारं सरोवर फोटोत त्याहून देखणं, पण तिथे जाणं जास्त कटकटीचं. शेवटचे सुमारे आठ किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता आहे. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, आणि त्या रस्त्यावर दगड नेमके तिथेच लागतात. गाडीतळापासून खाली उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि परतीची चढण उन्हात. त्यापेक्षा किस्सामोसच्या धक्क्यावरून होडीने जावं. वारा वाढला की होडी रद्द होते, म्हणून बालोस मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा. शेवटच्या दिवसावर ठेवलंत आणि वारा सुटला तर राहूनच जाईल.

वाऱ्याचा हिशेब क्रीटमध्ये रोज सकाळी करावा लागतो. मधोमध लेफ्का ओरी पर्वत आहे, २,४०० मीटरहून उंच. उत्तरेचा वारा असला की हानियाच्या बाजूला लाटा उठतात आणि दक्षिणेला पालेओहोरा, लुत्रो इथे पाणी सपाट पडतं. पाऊसही बराचसा उत्तरेला अडतो, त्यामुळे ऑक्टोबरात दक्षिण किनारा जास्त भरवशाचा. मात्र हा वारा दक्षिणेला डोंगरावरून खाली, किनाऱ्याकडून समुद्राकडे झोत घेत येतो. हवा भरलेली गादी घेऊन पाण्यात पडून राहिलात तर ती बघता बघता आत वाहून जाते. तसल्या दिवशी गादी खोलीतच ठेवा.

लुत्रोला रस्ता नाही. होरा स्फाकिओनहून बोटीने किंवा डोंगरवाटेने चालत जायचं. गाडीचा आवाज नाही, पांढरी घरं थेट पाण्यावर. हनिमूनच्या तीन रात्री काढायला पश्चिम क्रीटमध्ये याच्याइतकी चांगली जागा सापडणं कठीण. मोठ्या चाकांच्या बॅगा मात्र हानियालाच कुठेतरी ठेवून जा.

खाण्याचं शाकाहारी जोडप्याला इथे सर्वांत सोपं. जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्हचं तेल घातलेला डाकोस, उकडलेली रानभाजी म्हणजे होर्ता, भरलेले टोमॅटो-मिरच्या (आत कधी खिमा असतो, विचारून घ्या). ग्रीक उपासाच्या पदार्थांना निस्तिसिमो म्हणतात. त्यात मांस, अंडं, दूध नसतं, पण कोळंबी आणि माकूळ चालतात. हा शब्द पाहून निर्धास्त होऊ नका.

सिसिली: पाण्याबाहेरही दिवस जाणार असतील तर

चेफालूत वाळूची लांब पुळण थेट जुन्या गावाला लागून आहे आणि पाणी हळूहळू खोल होत जातं. मागे ला रोका नावाचा २७० मीटरचा खडक, त्याच्या पायथ्याशी ११३१ मध्ये बांधायला घेतलेलं नॉर्मन कॅथीड्रल. पाऊस आला तर छत्रीखाली कुढत बसायची वेळ येत नाही, आणि ऑक्टोबरात तो येतो. भूमध्य समुद्र उन्हाळ्यात तापलेला असतो, वरून गार हवा सरकली की चार-पाच तासांत महिन्याचा पाऊस कोसळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पूर्वेकडच्या कातानियाचे रस्ते असेच नद्या झाले होते. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, पण ओढे-नाले काही काळ गढूळ पाणी समुद्रात सोडत राहतात, तेवढे दिवस पोहण्याचा विचार सोडावा.

सिसिलीची सर्वांत मोठी सोय म्हणजे गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. पालेर्मोहून चेफालूला लोकल रेल्वेने तासाभरात पोहोचता येतं. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळत नाही. गाडी घेतलीच तर जुन्या गावांतली ‘झेडटीएल’ पाटी ओळखायला शिका. आत रहिवाशांच्या गाड्यांनाच परवानगी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

पालेर्मोच्या रस्त्यावर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, पातळ थापायचं, काप पाडून तळायचे आणि तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळायचं. पाटवडी आणि वडापाव यांचा मधला मुक्काम म्हणा. वांग्याची कापोनाता, वांगं घातलेला पास्ता अल्ला नोर्मा हेही शाकाहारी. स्फिंचोने नावाच्या जाड पिझ्झात मात्र बारीक वाटलेला मासा असतो आणि तो दिसत नाही.

उणी बाजू दोन. भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांचे पट्टे सप्टेंबरअखेरपासून उचलायला लागतात. आणि घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर चेफालूला सूर्य सव्वापाचच्या आत बुडतो, हानियाला साडेपाच ओलांडून, अल्गार्वच्या लागोसला पावणेसहाच्या सुमारास. संध्याकाळी किनाऱ्यावर बसायचं म्हणून आलेल्या जोडप्याला हा एक तास फार जाणवतो.

अल्गार्व: बघायला आणि चालायला

पिवळ्या-तांबड्या चुनखडीचे कडे, त्यांतल्या कमानी आणि मधे लपलेल्या लहान लहान पुळणी हे अल्गार्वचं वैभव. प्राया दा मारिन्याहून कड्याच्या माथ्यावरून पश्चिमेला जाणारी सात दऱ्यांची पायवाट एका बाजूची सुमारे सहा किलोमीटर आहे आणि ती ऑक्टोबरातच चालावी, ऑगस्टमध्ये तिथे सावली मिळत नाही. बेनागिलच्या गुहेत आता पोहत जायला आणि आत उतरायला मनाई आहे. होडीतून किंवा वाटाड्याबरोबर कयाकमधून बघायची.

कोकणातल्या माणसाला इथला धोका लगेच कळेल. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर असते. अल्गार्वला उधाणाच्या दिवशी पाणी तीन मीटरपेक्षा जास्त चढतं. ओहोटीला कड्याच्या टोकाला वळसा घालून शेजारच्या पुळणीवर चालत गेलात की सहा तासांनी परतीची वाट पाण्याखाली असते आणि मागे सरळ कडा. अमावास्या-पौर्णिमेचा नियम तिथेही तोच, त्यामुळे कोजागरी किंवा लक्ष्मीपूजनाच्या आसपास असाल तर भरतीचं वेळापत्रक बघूनच खाली उतरा. कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली मिळते म्हणून बसू नका. ऑगस्ट २००९ मध्ये मारिया लुईसा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जण दगावले. दगड पडत असल्याच्या पाट्या तिथे शोभेला लावलेल्या नाहीत.

पिवळा बावटा म्हणजे पाण्यात उभं राहा, पोहू नका. लाल म्हणजे पाण्यात पाऊलही नाही. जीवरक्षकांचा हंगाम संपल्यावर बावटाच नसतो, आणि तो नसणं म्हणजे हिरवा नव्हे.

पोहायचंच असेल तर लागोसपेक्षा पूर्वेकडच्या ताविराला राहा. तिथून होडीने वाळूच्या बेटावर जाता येतं, पाणी अंश-दोन अंश उबदार असतं, लाटाही बेताच्या. लिस्बनहून अल्गार्वचं मुख्य शहर फारो इथवर रेल्वेने साधारण तीन तास. खाण्यात मासे म्हणजे पर्वणी. शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, कारण हिरव्या सूपमध्येही सॉसेजची चकती पोहत असते.

मग काय घ्यावं

१० ऑक्टोबरच्या आत जाणार असाल तर तिन्ही चालतील, पण पाण्यात उतरायला क्रीट. १० ते २५ च्या दरम्यान क्रीटचा दक्षिण किनारा, दुसरी पसंती चेफालू. २५ नंतर पोहण्याच्या आशेवर एवढा खर्च करू नये. तेव्हा सिसिली घ्या आणि समुद्र मिळाला तर वरकड समजा. अल्गार्व पोहण्याची हौस नसलेल्या, रोज दहा किलोमीटर आनंदाने चालणाऱ्या जोडप्यासाठी.

खोली पक्की करण्याआधी हॉटेलला दोन प्रश्न लिहून पाठवा: यंदा तुमचा शेवटचा दिवस कोणता, आणि पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवता का? हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात भाव निम्म्यावर दिसतो तो उगाच नव्हे. न्याहारी एका टेबलावर उरलेली असते आणि खालचं उपाहारगृह बंद झालेलं असतं. ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे रात्रीचा वेगळा कर आहे, तीन तारांकितला ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५. तो बहुधा तिथे पोहोचल्यावर भरायचा असतो. अल्गार्वच्या बऱ्याच नगरपालिका माणशी २ युरो घेतात.

क्रीटला गाडी लागतेच. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, मूळ परवानाही सोबत ठेवा. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. गिअर नसलेली गाडी हवी असेल तर आधीच आरक्षित करा.

शेंगेन व्हिसा म्हणजे ग्रीस, इटली, पोर्तुगाल तिन्हींना चालणारा एकच व्हिसा. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. ऑक्टोबरच्या प्रवासाला जुलैतच लागा. शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर घाईने पासपोर्टला हात लावू नका. तिकीट, विमा आणि व्हिसा तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव हवं. जुन्या नावाचा पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र एवढ्यावर काम भागतं.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत लागू होऊ लागली, त्यामुळे रांगा लांबतात. अथेन्सला उतरून हानियाचं विमान पकडायचं असेल तर मधे निदान तीन तास ठेवा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं असली की सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावं लागतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. परतताना शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. वाऱ्याने बोटी अडल्या तर लुत्रोहून थेट मुंबईचं विमान गाठता येणार नाही.