शेततळ्याच्या खोदाईवर नजर ठेवायला जाणकार बोलावले: साडेतीन तारे

आमचं शेत शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. मी हडपसरला राहते, शेत अण्णा बघतात. यंदा तीस बाय तीस मीटरचं शेततळं घ्यायचं ठरलं आणि जागा निघाली नेमकी पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला, लागून. काळी कसायची, पांढरी वसायची, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. माझ्या आजोबांनी त्या टेकाडाची माती गाड्या भरभरून खत म्हणून रानात टाकली, तिच्यासोबत काय काय गेलं देव जाणे. त्यात इनामगाव आमच्याच तालुक्यात. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरावर घरं उजेडात आली. म्हटलं, पोकलेन लावायच्या आधी कुणीतरी जाणतं माणूस उभं करावं. सक्ती कुणाची नव्हती.

पुरातत्त्वात एम.ए. केलेल्या दोघी मुली अशी कामं घेतात. दोन दिवसांचे बारा हजार, जाण्यायेण्याचे वेगळे. पहिल्या दिवशी सव्वा तास उशिरा आल्या, वाघोलीच्या ट्रॅफिकचं कारण. अण्णा काही बोलले नाहीत, पण चहा विचारला नाही यावरून समजा.

आल्या आल्या त्यांनी बकेट बदलायला लावलं. दातांचं बकेट माती उचकटतं, खाली काय होतं ते कळत नाही. बिनदातांचं सपाट सोलत जातं. ऑपरेटर म्हणाला, "ताई, मला तळं खांदायचंय, साय नाही काढायची." पण काढली बिचाऱ्यानं, दर खेपेला अर्धी वीत. एक जण बकेटच्या मागं खुरपं घेऊन चालायची, दुसरी उपसलेल्या ढिगात खापरं शोधायची. मुरूम लागेपर्यंत एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दीड हात खाली खुरपंवालीनं एकदम हात वर केला. मशीन थांबलं. मला काहीच दिसेना. मग तिनं फवाऱ्याच्या पंपानं पाणी मारलं, आणि काळ्या मातीत टोपलीएवढा राखाडी गोल उमटला! राख, भाजलेल्या मातीचे गोळे, हाडाचा चुरा आणि दोन खापरं, लाल, वर काळ्या रेघा. तिनं एकावर नखानं टिचकी मारली तर धातूसारखं वाजलं. जोर्वे भांडी म्हणतात यांना, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. अण्णांनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "याची तर आम्ही लगोरी खेळायचो."

तासाभरात निम्मं गाव बांधावर. सोनं निघालं म्हणे! ती शांतपणे म्हणाली, १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. गर्दी निम्म्यानं पांगली.

मला वाटलं आता त्या खोल उकरतील. नाही. "उत्खननाला परवाना लागतो काकू, आमचं काम बघायचं आणि नोंदवायचं." पट्टी ठेवून फोटो, नकाशा, मोजमापं, आणि तळं चार मीटर पूर्वेला सरकवा असा सल्ला. गोल आहे तसा मातीनं झाकला. अण्णा कुरकुरले, पण सरकवलं.

आता तक्रार. मशीन अडीच तास उभं राहिलं, त्याचं भाडं माझ्या खिशातून गेलं. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणजे ऑपरेटरशी तसं ठरवून घेतलं असतं. रिपोर्ट तीन आठवडे उशिरा आला, तोही बावीस पानी इंग्रजीत. अण्णांनी फोन लावला, "पोरी, रान माझं आहे, मला कळेल असं लिही." चौथ्या दिवशी हातानं लिहिलेली दोन पानं मराठीत आली, गोल कुठं आहे ते विहिरीपासून पावलांत मोजून दिलेलं. अण्णांनी ती सातबाऱ्याच्या फायलीत लावली आहेत. अर्धा तारा त्या दोन पानांचा.