आर-२९० चेस्ट फ्रीझर: लिटर नंतर, आधी गॅस बघा

मासळी किंवा आइस्क्रीमसाठी ३०० लिटरचा फ्रीझर घेणारा झाकण काचेचं की पत्र्याचं ते विचारतो. आत फिरून थंडावा देणारा गॅस कोणता, हे नेमप्लेटवर क्वचितच वाचतो. आर-२९०, म्हणजे प्रोपेनवरची मॉडेलं भाव खातात ती मात्र गॅसमुळेच.

आत उणे १८ अंश हवे तर आतल्या कॉइलमधला गॅस साधारण उणे २८ला उकळावा लागतो. तिथे आर-१३४ए या दुसऱ्या गॅसचा दाब ०.९३ बार, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. प्रोपेनचा १.८ बार. कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, ५५ अंशांवर तापलेला असेल तर आर-१३४एला सोळापट दाबावं लागतं, प्रोपेनला साडेदहापट. शिवाय तेवढ्याच आकारमानाची प्रोपेनची वाफ दीडपट उष्णता उचलते. म्हणून मे महिन्यात दिवसभर झाकण उघडझाप होऊनही हा फ्रीझर सावरतो. आर-१३४एवाला तासन् तास चालत राहतो आणि उणे १८ गाठायला धडपडतो. त्यात लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, बारीक लीक झाला तर गॅस बाहेर जाण्याऐवजी दमट हवा आत येते. मग कॅपिलरीच्या, म्हणजे कॉइलला गॅस पुरवणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी बर्फ धरतो: कूलिंग बंद, बर्फ वितळला की सुरू, पुन्हा बंद. आर-१३४ए बाटल्यांच्या कूलरला उत्तम, इथे नको.

घरच्या फ्रिजमधला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, तर बाहेरच्या हवेच्या दाबाला उणे १२लाच उकळतो, तरी फ्रीझर उणे १८ गाठतो. कारण त्याला मोठ्या आकारमानाचा कॉम्प्रेसर दिलेला असतो आणि भारही कमी असतो. दुकानात हे गणित बसत नाही. आर-४०४ए हा आणखी एक गॅस थंडीला तोडीस तोड, पण हवामानाला घातक म्हणून जगभर हटवला जातोय.

आर-२९०ची खरी अडचण दुरुस्तीची आहे. गॅस ज्वलनशील, आणि लागतो थोडाच. नेमप्लेटवर ग्रॅममध्ये आकडा असतो. द्रवरूपात तो आर-१३४एच्या निम्म्याहूनही हलका, त्यामुळे जुन्या अंदाजाने भरला तर ओव्हरचार्ज होऊन द्रव कॉम्प्रेसरपर्यंत येतो. दाबाच्या गेजवर नाही, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच भरून घ्या. आधी गॅस मोकळ्या हवेत सोडून नायट्रोजन फिरवायचा, पाइप टॉर्चने नाही, कटरने कापायचा, ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर नवा, आणि पाइपातली हवा पंपाने ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप). स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस 'चालतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकला दारातूनच परत पाठवा: त्यात ब्युटेन असतो, वासाचं रसायन असतं, आणि तो कोरडा असेलच असं नाही. जुन्या आर-१३४ए फ्रीझरमध्येही प्रोपेन भरू नये. मोटर ओव्हरलोड होते आणि रिले-थर्मोस्टॅटची ठिणगी लीक झालेल्या गॅसला पुरते.