दिवा लागला म्हणजे ड्राइव्ह जुळली असं नाही

बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकासाठी कुणी ‘जुळवून दिलेली’ फ्लॉपी ड्राइव्ह विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

शाळांत संगणक शिकवण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून ही यंत्रं आपल्याकडच्या शाळांत आली. नांदेडकडच्या एका शाळेतला असाच संच मी दुरुस्त करतोय. सोबत सव्वापाच इंची डिस्क आहेत, त्यांत तिथल्या सरांनी मुलांसाठी लिहिलेले गणिताचे प्रोग्राम. ड्राइव्ह तेवढी नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याने ‘खास बीबीसीची, ८० ट्रॅकची’ म्हणून साडेचार हजारांना दिली. व्हिडिओ कॉलवर दिवा लागला, मोटार फिरली.

घरी एकही डिस्क वाचेना. प्रत्येक वेळी डिस्क फॉल्ट १८, म्हणजे सेक्टर (डिस्कवरच्या गोल ट्रॅकचा एक तुकडा) सापडत नाही. फोन केला तर म्हणाला, “सर, तुमच्या डिस्काच गेल्या. चाळीस वर्सं झाली की. फेकून द्या, कोऱ्या मी देतो.”

माझा खरा संताप या वाक्यावर आहे. डिस्क चांगल्या होत्या. ड्राइव्ह पीसीची १.२ एमबीवाली होती, मूळ लेबलावर दुसरं डकवलेलं. पॉलिटेक्निकमधल्या मित्राने ऑसिलोस्कोपवर इंडेक्स पल्स (डिस्कच्या दर फेऱ्याला एकदा येणारा सिग्नल) पाहिली. दोन पल्समध्ये २०० मिलिसेकंद हवेत, इथे १६७. म्हणजे मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे.

या वेगाला जुनी डिस्क बीबीसीतल्या कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) वाचताच येत नाही आणि नवीही धड फॉरमॅट होत नाही. ३०० फेऱ्यांना एका ट्रॅकवर ३१२५ बाइट मावतात, ३६० ला जेमतेम २६०४. दहा सेक्टरांचा नुसता डेटाच २५६० होतो. सेक्टरांच्या खुणा आणि मधल्या मोकळ्या जागा उरलेल्या ४४ बाइटांत बसणार कशा? काही मॉडेलांत जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) वेग ३०० वर आणता येतो. हिच्यात ती सोय नव्हती.

दिवा आणि मोटार तर ३४ पिनांची कुठलीही ड्राइव्ह दाखवते, फक्त सिलेक्टचा, म्हणजे ड्राइव्ह निवडण्याचा, जंपर बरोबर हवा. तेव्हा विक्रेत्याला बीबीसीवरच डिस्क फॉरमॅट करायला लावा, एखादा प्रोग्राम सेव्ह करायला लावा, यंत्र बंद-चालू करून तोच परत लोड करायला लावा. टाळाटाळ केली तर उठून या.

पैसे परत मिळाले नाहीत. “चालू माल दाखवून दिलाय” एवढंच उत्तर. पुढे एका ओळखीच्यांची ४० ट्रॅकची जुनी ड्राइव्ह मिळाली आणि सरांचे बहुतेक प्रोग्राम उघडले. तुमच्याकडेही कुणी ‘खराब’ ठरवलेल्या डिस्क असतील तर टाकू नका. बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे त्यांवर काही लिहिलं जाणार नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहा.