'लमाण': घशाच्या डॉक्टरचं आत्मचरित्र, गप्प बसून वाचलेलं

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवते आहे. यंदा दिवाळीनंतर आवाज बसला तो उठेचना. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर बारीक गाठी असल्याचं सांगितलं. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानेही ताण पडतो. त्या दोन आठवड्यांसाठी मी डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' मागवलं. कारण एकच: हा माणूस नट होण्याआधी घशाचा सर्जन होता.

जुनी प्रत घेतली. विकणाऱ्याने 'किंचित वापरलेली' म्हटलं होतं. आली ती नुसती वर्तमानपत्रात गुंडाळून. वरचा कोपरा दुमडलेला, पाठीचा डिंक सुटत आलेला. फोटो टाकून कळवलं तर उत्तर नाही. पण आधीच्या वाचकाने पेन्सिलीने जागोजागी बारीक रेघा मारल्या होत्या. बोलायला मनाई असताना त्या रेघांची मला फार सोबत झाली.

लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव पोचवणारा. शब्द लेखकाचे, नट ते प्रेक्षकांपर्यंत नेणार. आत्मचरित्राला असं नाव देणाऱ्याने स्वतःची जागा पहिल्या पानाआधीच सांगून टाकली आहे. लेखणीही तशीच आहे. स्वतःची आरती नाही.

लागूंचा जन्म आमच्या साताऱ्याचा, १९२७ सालचा. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेताना नाटकाचं वेड लागलं, मग भालबा केळकरांसोबत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही नाट्यसंस्था, म्हणजे आपली पीडीए. पुढे घशाची शस्त्रक्रिया शिकायला कॅनडा आणि इंग्लंड, आणि साठच्या दशकात टांझानियातल्या टाबोरा गावी डॉक्टरकी. या टाबोराच्या काळापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. हातात चांगला पेशा, घरदार नीट, आणि मन हजारो मैलांवरच्या रंगमंचावर. १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून. तेव्हा ते बेचाळिशीला आले होते. मीही आज बेचाळीसचीच आहे, म्हणून हा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. त्या वयात डॉक्टरकीची पाटी उतरवायची म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

पुढचं वर्ष तर विलक्षण आहे. १९७० सालीच त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं. त्यातल्या साडीवरच्या लाल डागावर सेन्सॉरने हरकत घेतली तेव्हा तो डाग निळा करून प्रयोग लावला. आणि त्याच वर्षी, २३ डिसेंबरला, शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. त्यातला म्हातारा नट गणपतराव बेलवलकर म्हणजे लागू! दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, नाटक गोवा हिंदू असोसिएशनचं. लांबलचक स्वगतं, संताप, भ्रम, रडणं, सगळं एकाच गळ्यातून, आणि उद्या पुन्हा तेच. तोपर्यंत मी बेलवलकरांकडे भावनेनेच पाहत आले होते. यंदा पहिल्यांदा त्या स्वगतांखालचा श्वास ऐकू आला. घसा आतून पाहिलेल्या माणसाने तो असा पणाला लावावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं. दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही पुढे ही भूमिका केली, पण माझ्या आईच्या तोंडी आजही बेलवलकर म्हणजे लागूच.

सिनेमाबद्दल मला आणखी वाचायला आवडलं असतं. 'पिंजरा'तले गुरुजी (१९७२) आणि 'सामना'तले मास्तर (१९७५) हे दोघेही माझ्या पेशाचे. एक तमासगिरिणीपायी स्वतःचं नाव गमावून बसलेला, दुसरा दारू पिऊन भटकणारा, पण 'मारुती कांबळेचं काय झालं' हा प्रश्न साखरसम्राटाच्या अंगणात सोडायला तयार नसलेला. साखरसम्राट झालेले निळू फुले समोर असताना लागू आवाज चढवत नाहीत. हळू बोलून तो प्रश्न टोचत राहतात. वर्गात मी नेमकं उलट करत आले. छप्पन मुलांवर ओरडून ओरडून गाठी करून घेतल्या. डॉक्टरीणबाई जे समजावत होत्या ते मला 'सामना' पुन्हा पाहिल्यावर कळलं. 'सिंहासन'मधले विश्वासराव दाभाडे, 'घरौंदा'साठी मिळालेलं फिल्मफेअर, 'गांधी'तले गोखले, हे सगळं आहेच, पण मी अडकले ती त्या दोन मास्तरांपाशी.

कुणी घ्यावं? नाटक करणाऱ्यांनी तर घ्यावंच. पण दिवसभर बोलून पोट भरणाऱ्यांनी, शिक्षक, कीर्तनकार, वकील यांनी आधी घ्यावं. चुरचुरीत किस्से किंवा पडद्यामागच्या भानगडी शोधायच्या असतील तर हे पुस्तक तुमचं नाही. तालमीत भूमिका कशी हाती लागते, कुठे निसटते, यात रस असेल तर रात्री उशिरापर्यंत जागाल. शक्य असेल तर नवी प्रत घ्या, जुनी घेतलीत तर पाठीचा फोटो आधी मागा.

आता मला दिवसाला वीस मिनिटं बोलायची परवानगी मिळाली आहे. त्यातली दहा शाळेला जातात. उरलेल्या दहांत रात्री आईला टाबोराची पानं वाचून दाखवते, आवाज न चढवता. तिला कमी ऐकू येतं, म्हणून खुर्ची अगदी जवळ ओढून घेते.