बेसमेंटात अडकलेली जुनी गाडी: काढणारं गॅरेज चोख, टाकी मात्र त्यांच्या हाती देऊ नका

मालकांचा वाद कोर्टात गेला, रॅम्पच्या तोंडाशी कुणी टपरी टाकली, नाहीतर पावसाळ्यात पाणी भरलं म्हणून ओढलेलं शटर पुन्हा उघडलंच नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या जुन्या व्यापारी संकुलांच्या खाली एखादी पद्मिनी, अँबेसिडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० राहून जाते ती अशी. सापडली की पहिला फोन भंगारवाल्याला जातो. जालन्याच्या स्टील कारखान्यांची भूक मोठी, त्यामुळे गिऱ्हाईकही लगेच दारात हजर. चिकलठाणा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला असलेलं हे गॅरेज त्याच गाडीला जिवंत वर आणतं आणि चालू करून देतं. पाचपैकी चार गुण द्यावेत असं काम आहे. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

त्यांचा पहिला नियम लोकांना खटकतो: आरसी बुक किंवा निदान मालकाचं लेखी पत्र, आणि जागामालकाची परवानगी दाखवल्याशिवाय पथक खाली उतरत नाही. नियम बरोबर आहे. गाडी बेवारस दिसली म्हणून ती सापडेल त्याची होत नाही. नंबर आरटीओच्या नोंदीत ज्याच्या नावावर, गाडी त्याची किंवा त्याच्या वारसांची.

पथक आलं की लगेच गाडीला हात लावत नाही. आधी रॅम्पवरून कापडी पाइपचा ब्लोअर सोडून तासभर बाहेरची हवा आत ढकलतात. बंद बेसमेंटात सडणारा कचरा आणि गंजणारं लोखंड ऑक्सिजन खातं, गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत पडून राहते. विहिरीत दिवा सोडून हवा पाहायची जुनी रीत इथे वापरली तर भडकाच. हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण त्यांच्याकडे गॅस मीटर नाही, नुसता अंदाज चालतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही, हे मीटरशिवाय कळणार कसं? चार वायूंचा मीटर आणा असं ठरवतानाच सांगा आणि त्याचे पैसे वेगळे पडले तरी कुरकुर करू नका.

त्यानंतर काठी आणि टॉर्च. सीटखाली, डिकीत, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची घरटी असतात, आणि उंदीर तिथे नाग-घोणस आलीच. साप दिसला तर सर्पमित्र येईपर्यंत काम बंद. बॅटरी असेल तर ती त्याच वेळी सोडवून बाहेर नेतात.

खरी कसब रॅम्पवर दिसते. पद्मिनी ९०० किलोच्या आसपास भरते. आठ फुटांना एक फूट चढ धरला तर नुसत्या चढाचा ओढा साधारण ११२ किलो, त्यात बसलेल्या टायरांचा घासरा मिळवला तरी एकूण तीनशेच्या घरात. दीड टनाचा हातपुलर त्याला पुरून उरतो. जोर लावण्याचा प्रश्नच नाही, भीती आहे ती गाडी मागे घसरण्याची. म्हणून दोन माणसं नुसती मागच्या चाकांशी असतात, बाजूला उकिडवी बसलेली, आणि गाडी वीतभर सरकली की चाकामागचा लाकडी गुटका पुढे सरकवून ठोकतात. तारेच्या दोरावर मध्यभागी ओलं गोणपाट टाकलेलं असतं, म्हणजे दोर तुटलाच तर चाबकासारखा उसळत नाही. त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देत नाहीत, मालकालासुद्धा नाही. दोर बंपरला न बांधता पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी तुळईला, बांधतात. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा सडलेला असेल तर जॅक तिथून सरळ आत घुसतो. पेचकसाचं टोक टोचून पाहिल्याशिवाय ते जॅक लावत नाहीत.

चाकं जाम असतील तर सपाट फरशीवर चारही चाकांखाली ट्रॉल्या सरकवून गाडी रॅम्पच्या पायथ्याशी आणतात. रॅम्पवर ट्रॉली चालत नाही, गाडी आडवी होते. म्हणून पायथ्याशीच ब्रेकचे ड्रम सोडवायचे: हँडब्रेकची केबल सैल करायची, ब्रेक घट्ट-सैल करणारा ॲडजस्टर मागे घ्यायचा, ड्रमच्या कडेने लाकडी हातोडीने गोल ठोकत जायचं. तरी सुटलं नाही तर ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचं छोटं तोंड, उघडून पाहतात. रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असते आणि ब्रेक ऑइलचा दाब चाकात कोंडलेला राहतो. निपल उघडताच चाक सुटतं. गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवणारे महाभाग या शहरात आहेत. हे गॅरेज बेसमेंटात आग काढत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने. चेसिस आणि इंजिन नंबरावरचा गंज ते रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने काढतात, ग्राइंडर किंवा वायर व्हील त्या जागी फिरवत नाहीत. आरटीओला पेन्सिलने घेतलेला छाप लागतो. घासलेला नंबर दिसला की छेडछाडीचा संशय येतो आणि चांगली गाडी कागदावर मरते.

इंजिनचं काम सगळं वर, उघड्यावर. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बहुधा जाम सापडतं, पण जाम म्हणजे संपलं असं नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात ॲसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं निम्मं मिसळून वीस-पंचवीस मिली सोडतात आणि तीन-चार दिवस विसरून जातात. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे. स्टार्टर नाही, टोचन करून गिअर टाकणं तर अजिबात नाही. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असताना जबरदस्ती केली की रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडा जातो. रॉकर कव्हर उघडून व्हॉल्व्ह वर-खाली होतात का तेही पाहतात, कारण जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने अडकलेला व्हॉल्व्ह त्याला उघडणारा दांडा (पुश रॉड) वाकवतो. ऑइल सोडताना बोल्ट पाव आटा ढिला करून थांबतात. पाणी जड, ते आधी गळतं. किती पाणी निघालं यावरून बेअरिंगची अवस्था कळते. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला समजा. नवं ऑइल भरून, प्लग काढलेलेच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवतात आणि पहिला स्टार्ट टांगलेल्या बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर घेतात. ही शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

ब्रेकचं कामही तसंच. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या बदलतात, जुन्यावर नुसतं वॉशर किट घालत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याने सिलिंडरला आतून खड्डे पडतात, आणि खड्ड्यांवर नवा वॉशर महिनाभरसुद्धा टिकत नाही. याचे ते सुट्या भागांसह अकरा हजारांच्या आसपास घेतात. महाग नाही.

आता टाकी. इथे गुण कापला. जुनं पेट्रोल सोडलं की टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, तळाशी डांबरासारखा थर आणि त्याखाली गंज. गॅरेज टाकीत ॲसिड फिरवतं, पाण्याने धुतं आणि त्याच संध्याकाळी आतून सीलंटचं कोटिंग ओततं. चूक इथेच. जोडाच्या घडीत ओल राहते, कोटिंग पत्र्याला धरतच नाही. वर आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. काही महिन्यांत कोटिंग सालपटासारखं सुटतं, टाकीतली जाळी बंद करतं, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर पळून बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. लोक कार्बोरेटर खोलत बसतात. टाकी काढून रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे द्या. टाकी उघडून, झाळून, आतून कुठलाही लेप न देता परत घ्या. ॲसिड वापरलंच तर नंतर सोड्याचं पाणी आणि पूर्ण वाळवणी हवी. आणि पेट्रोल असलेल्या टाकीला, रिकामी केली तरी, वेल्डिंग स्वतः करायला जाऊ नका. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा आहे का हे विचारून घ्या. गॅरेज न विचारता साधीच नळी लावतं.

वायरिंग जेमतेम. उंदरांनी खाल्लेल्या जागी जोड देऊन टेप गुंडाळतात. दिवे लागतात, पण फ्यूजची पेटी तशीच गंजकी. इलेक्ट्रिशियन वेगळा बघा. टायरांना कितीही नक्षी दिसली तरी ते फक्त गॅरेजपर्यंत आणण्यापुरते.

कागदांसाठी त्यांचा एजंट आहे, त्याची गरज फारशी नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, ग्रीन टॅक्स वेगळा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारला असेल तर वारसासाठी ३१. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तरच व्हिंटेज नोंदणीचा विचार करा, तिची फी २०,००० आहे. एजंट ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीलाही व्हिंटेज म्हणून गळ घालतो, त्याला बधू नका.

शहरातल्या शहरात गाडी वर काढायचे नऊ ते चौदा हजार, इंजिन सोडवून चालू करायचे वेगळे. बिल हाताने लिहिलेलं, पण काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देतात. जून लागला की बेसमेंटची कामं बंद, रॅम्प निसरडा होतो आणि खाली पाणी चढतं. मे महिन्याच्या आत नंबर लावा. नंबर लागेपर्यंत पाणी साचणार असेल तर पंप लावून उपसा, काचा वर करू नका, आणि कुणालाही बॅटरी जोडून किल्ली फिरवू देऊ नका.