पहिला आरपीजी : डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २, चार-पाच महिन्यांनंतर (तलवारींचा हिशेब वेगळा)

डिव्हिनिटी हा माझा पहिला आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन मोठी गोष्ट खेळायचा कॉम्प्युटर गेम. तो पूर्ण झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, पण मे महिन्यात लॅपटॉपने मान टाकली आणि हात रिकामे झाले. बाहेर पंचेचाळीस, आत कूलर, आणि लढाई ऐन रंगात आली की स्क्रीन काळा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन ठेवून घेतलं, न विचारता फॉरमॅट मारलं आणि मग फोन केला की मदरबोर्ड बदलावा लागेल. वर सल्ला दिला, "सर, यावर गेम नका खेळत जाऊ." विकताना ग्राफिक्स कार्डाचे वेगळे पैसे मोजून घेतले होते, तेव्हा हे कुणी बोललं नव्हतं. कोटेशन पाहिलं आणि मशीन काखेत मारून घरी आलो.

आमच्या नागपुरात बर्डीवर एका गाळ्यात पोरगा बसतो. त्याने झाकण उघडलं, तर पंख्यात कूलरच्या गवताचा भुसा आणि धुळीचा नमदा. "भाऊ, कूलरच्या तोंडावर ठेवून खेळून राहिले का?" एवढंच विचारलं, ब्रश मारला, नवी थर्मल पेस्ट लावली आणि साडेचारशे घेतले. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. घरी येऊन स्टीम (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) टाकलं, गेम पुन्हा डाउनलोड केला, आणि सगळे सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी, जिथल्या तिथे. स्टीम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, ते आपोआप जात होते, मला पत्ताही नव्हता. त्या आनंदात लिहितो आहे, तेव्हा पहिले दोन तारे त्याचेच समजा.

आता मुद्द्याचं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस. यापूर्वी कॉम्प्युटरवर पत्ते आणि कार रेसिंगच्या पलीकडे गेलो नाही. हे खूळ पुतण्याने डोक्यात घातलं. तो हिंगणा रोडच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या यादीत डझनभर नावं होती. जुना बाल्डर्स गेट १९९८ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती सेलमध्ये अगदी स्वस्त मिळते, म्हणून माझा डोळा आधी तिथे गेला. पण त्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, आणि पहिल्या लेव्हलचा (ताकदीच्या पहिल्या पायरीवरचा) जादूगार साध्या लांडग्याच्या दोन चाव्यांत गारद. हिशेब उलटा आणि जीव तोळाभर. नवख्याने स्वस्ताईवर जाऊ नये. पिलर्स ऑफ इटर्निटी २०१५ चा, लिखाण फार चांगलं म्हणतात, पण लढाई मुळात चालू घड्याळावर. स्पेसबार दाबून थांबवा, हुकूम द्या, परत सोडा. सहा जणांना असं हाकायचं म्हणजे माझं काम नाही. डिस्को एलिझियममध्ये नेहमीसारखी लढाईच नाही, सगळं बोलण्यावर. ते इंग्रजी वाचता वाचता माझा चष्म्याचा नंबर वाढला असता. स्कायरिम आणि विचर ३ हे गेम हातांच्या चपळाईचे, म्हणून बाद.

डिव्हिनिटीत पाळीने लढाई चालते, आणि आमच्या घरात तेच निर्णायक ठरलं. तुमची पाळी आली की गेम थांबतो. कुकरची शिट्टी होवो, नळ येवो, दारावर सिलिंडरवाला उभा राहो, राक्षस तलवार उगारून तसाच वाट पाहतो. लाईन गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर असतोच, आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जात नाही. बायकोने पहिल्या आठवड्यातच हेरलं की हा गेम मध्ये सोडून उठता येतो. तेव्हापासून "फक्त ही पाळी संपू दे" हे कारण चालत नाही.

विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहून ठेवा. स्टीमवर पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांच्या खाली असेल तर. आरपीजीत दोन तास म्हणजे काहीच नाही. पात्र बनवायच्या पडद्यावरच माणूस अडकतो. सरडा घ्यावा की एल्फ, की हाडांचा सापळा असलेला फेन, मग केस, मग आवाज. तिथून जहाज, जहाज बुडतं, फोर्ट जॉयच्या किनाऱ्यावर पाय लागतो तोवर मुदत संपत आलेली. त्यामुळे निर्णय आधीच कुणाचा खेळ बघून करा, 'आवडला नाही तर परत' या भरवशावर राहू नका.

सुरुवात सांगतो, कारण नवखा इथेच सोडून देतो. गळ्यात पट्टा घातलेले कैदी, एक बेट, आणि कुणीही बाण दाखवून 'इकडे जा' म्हणत नाही. किनाऱ्याने फिरताना मगरी लागतात. मी म्हटलं मगरच ती, लांबून बाण मारू. एक मगर जागेवरून गायब झाली आणि माझ्या तिरंदाजाच्या पाठीमागे प्रकट झाली. मगर टेलिपोर्ट करते! दोनदा मेलो आणि पुतण्याला फोन केला. तो हसत सुटला. तिच्या पोटात जादूचे हातमोजे आहेत, म्हणून तिला ते जमतं. तिला मारलं की मोजे तुमचे. मग कुणालाही उचला आणि पाहिजे तिथे टाका. किल्ल्याच्या भिंतीवर धनुष्य घेऊन उभा असलेला पहारेकरी मी उचलून आमच्या चौघांच्या मध्ये आणून ठेवला, आणि त्या संध्याकाळी हा गेम मला आवडला. गोष्टीपेक्षा हे जास्त आवडलं: जो नियम त्यांना लागू, तोच मला लागू.

जमिनीचंही तसंच. तेल सांडलं की चाल मंद होते, त्यावर ठिणगी पडली की आग, पाणी टाकलं की वाफ, पाण्यात वीज सोडली की सगळे थिजतात, त्यात आपलेही. माऊस बोटभर सरकला तर आपला माणूस आगीच्या मधून चालत जातो. क्लिक करण्याआधी जमीन बघायची सवय लागते.

दोन कवचांचं मात्र पटकन उमगत नाही. प्रत्येकाला एक शरीराचं कवच आणि एक जादूचं. तलवार शरीराचं कवच झिजवते, मंत्र बहुतेक जादूचं, आणि त्या त्या प्रकारचं कवच संपेपर्यंत पाडणं, थिजवणं काही लागू पडत नाही. मार्चमध्ये मी वहीत लिहून ठेवलं होतं की ही भंपक पद्धत आहे, दोन जादूगार आणि दोन तलवारवाले घेतले की एकमेकांचं काम वाया जातं. आज ते मत तसं नाही. कवचाचे आकडे डोळ्यांसमोर असतात आणि नशिबाचे फासे कमी लागतात. आपली लेव्हल बरोबरीची असेल तर नेम बहुतेक लागतोच. नवख्याला 'का हरलो' हे कळतं, नशिबाला दोष द्यावा लागत नाही.

आता तलवारींचं. हे वाचून कंटाळा आला तरी पूर्ण वाचा, कारण गेममधला माझा अर्धा राग इथे आहे.

मी काटकसरी माणूस. महिन्याचं सामान इतवारीतून आणतो, दोन दुकानं फिरल्याशिवाय तूरडाळ घेत नाही. गेममध्येही तसंच: बादल्या, रिकाम्या बाटल्या, दोरखंड, मेलेल्या माणसाचा काटा-चमचा, सगळं उचललं, चौघांच्या थैल्यांत वाटून घेतलं आणि विकून विकून सोनं जमवलं. मग ड्रिफ्टवूड या गावात एक दोन हातांनी धरायची तलवार दिसली. भाव ऐकून छाती दडपली, पण घेतली. दोन लेव्हल वर गेलो, आणि एका मामुली डाकूच्या खिशातून निघालेली तलवार तिच्या तोडीस तोड. अजून एक लेव्हल, आणि माझी तलवार भंगार. विकायला गेलो तर मूळ किमतीची मातीही मिळेना. हे एकदा नाही, पूर्ण गेमभर चालतं. आकडे लेव्हलबरोबर इतके फुगतात की कालचं शस्त्र आजच्या शत्रूला खरवडतही नाही. हातमोजे, बूट, टोपी, अंगठ्या, चौघांचं मिळून किती होतं ते तुम्हीच मोजा. प्रत्येक लेव्हलला दुकानांत नवा माल येतो आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला परत उभं राहावंच लागतं. इतवारीत सकाळचा भाव संध्याकाळी बदलतो, पण तिथे निदान डाळ डाळच राहते.

यावर माझे पुतण्याशी वाद झाले. तो म्हणतो, "काका, लूट मिळून राहिली ना, काहून विकत घेता?" कारण लूट मिळेल तेव्हा मिळेल, पुढचा शत्रू समोर उभा आहे. शिवाय मिळालेली प्रत्येक वस्तू जुन्याशी ताडून पाहा, चौघांपैकी कुणाला लागते ते पाहा, उरलेलं ओझं कुणाच्या थैलीत घालायचं ते ठरवा. लढाई दहा मिनिटं आणि आवराआवर अर्धा तास.

(दुरुस्ती. वरचं लिहून झाल्यावर पुतण्या आला आणि त्याने मेनूतल्या गिफ्ट बॅग (हव्या तर चालू करायच्या जादा सोयी) दाखवल्या. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारलेल्या आवृत्तीत, त्या फुकट येतात. त्यातल्या एकीने असा विक्रेता येतो ज्याच्या मालाने जुनं शस्त्र आपल्या लेव्हलचं करून घेता येतं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही ही तक्रार पोचली होती! पण तो फुकट करत नाही, आणि गिफ्ट बॅग चालू केली की स्टीमवरची अचीव्हमेंट्स (पराक्रमांची पदकं) बंद होतात. मला अचीव्हमेंट्सचं काही नाही, पण दुरुस्ती द्यायची तर दंड कशाला? तक्रार अर्धी मागे घेतो, अर्धी ठेवतो.)

कंजूष माणसाला सुखावणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अंथरूण. बेडरोल सापडला की लढाईबाहेर त्यावर क्लिक करा, चौघंही टवटवीत, कितीही वेळा, फुकट. औषधाच्या बाटल्या माझ्याकडे ढिगाने पडून आहेत. दुसरी म्हणजे आरसा. पहिला अंक संपून जहाज हाती आलं की त्यातल्या आरशासमोर पात्राची सगळी कौशल्यं पुन्हा वाटता येतात, पैसे न देता, हवं तितक्यांदा. त्याआधी फोर्ट जॉयमध्येच आरसा हवा असेल तर त्याचीही गिफ्ट बॅग आहे. मी तिरंदाजाचा मांत्रिक केला, मांत्रिकाचा परत तिरंदाज. पहिला आरपीजी निवडताना मी आता हीच एक गोष्ट विचारतो: बिघडलेलं पात्र नीट करायला किती खर्च येतो? गोष्ट, ग्राफिक्स, बक्षिसं नंतर.

त्या कसोटीवर बाल्डर्स गेट ३ कसा, ते पुतण्याच्या मशीनवर पाहिलं. दोन्ही गेम लारियन या बेल्जियमच्या कंपनीचेच, डिव्हिनिटी २०१७ चा आणि हा २०२३ चा. तिथे विदर्स नावाचा एक म्हातारा सांगाडा शंभर नाण्यांत पात्र पुन्हा बनवून देतो. शंभर म्हणजे चिल्लर. आणि तलवार! तिथली चांगली तलवार कितीतरी तास चांगलीच राहते, कारण आकडे छोटे आणि लेव्हल बारापर्यंतच. हे पाहून मी गप्प झालो. पण तिथे पूर्ण विश्रांतीला शिदोरी खर्च होते, मांत्रिकाचे मंत्र मोजके, आणि बंद दारात उभं राहून, ते उघडेल का म्हणून फासा पडायची वाट बघायची. पंचाण्णव टक्के खात्रीचा नेम चुकला की पुतण्या टेबलावर हात आपटतो. शिवाय गेम दीडशे जीबीचा, एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच, किंमत २,९९९ रुपये. माझ्या लॅपटॉपवर तो चढवायचा तर फोटो आणि मुलीचे शाळेचे व्हिडिओ काढून टाकावे लागतील. डिव्हिनिटी साठ जीबीत मावतो आणि सेलमध्ये त्याचा भाव बराच उतरतो. ज्याचं मशीन नवं आणि खिसा बरा, त्याने सरळ बाल्डर्स गेट ३ घ्यावा, माझी ना नाही. ज्याचं मशीन माझ्यासारखं, त्याने हा.

इंग्रजीचं काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मराठी किंवा हिंदी नाही. पण प्रत्येक पात्र बोलतं, निवेदकसुद्धा, त्यामुळे ऐकून निम्मं समजतं. लढाईच्या वेळी वर्णन वाचण्याची घाई नसते, पाळी थांबलेलीच असते. मात्र पंधरा इंची स्क्रीनवर अक्षर बारीक आहे, आणि वस्तूंवरची माहिती तर मुंगीच्या पावलांनी लिहिल्यासारखी, तेव्हा चष्मेवाल्यांनी शक्य असेल तर टीव्हीला जोडावं. पेट पाल हे कौशल्य पहिल्याच पडद्यावर घ्या. मग कुत्री, उंदीर, कोंबड्या बोलतात, आणि बेटावरच्या बऱ्याच भानगडी प्राण्यांनाच ठाऊक असतात. माणसांपेक्षा त्यांचं इंग्रजी सोपंही असतं.

कठीणपणा एक्स्प्लोरर या सोप्या पातळीवर ठेवा. पुतण्या त्याच्या वरची क्लासिक म्हणेल, ऐकू नका. मध्ये बदलता येतो. ऑनर मोडला हातही लावू नका, तिथे एकच सेव्ह असतो आणि सगळे मेले की तोही पुसला जातो. एफ-५ ने सेव्ह, एफ-८ ने परत. मी दार उघडण्याआधी एफ-५ दाबतो, आणि बायकोने परवा विचारलं की हे बटण इतकं गुळगुळीत कसं झालं.

सध्या रीपर्स कोस्ट या दुसऱ्या अंकातल्या मुलखात अडकलो आहे. एका लढाईत तेलाचे पिंप आणि आग यांनी मला वैताग आणला आहे, पावसाचा मंत्र कुणाला शिकवायचा ते ठरत नाही. लॅपटॉप आता कूलरपासून लांब, खाटेच्या पलीकडे ठेवतो. पावसाळा लागला की संध्याकाळी दोन पाळ्या जास्त होतील. ती दोन हातांची तलवार मी अजून विकलेली नाही. चार नाण्यांना देणार नाही म्हणजे नाही.