डिकीतून जळका वास, तापलेला डिफॉगर आणि वाईचे मिस्त्री

मी रोज वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला शाळेत जाते. अंतर बारा-तेरा किलोमीटरच, पण जुलै लागला की निम्मा घाट ढगात असतो. गाडीत आम्ही तिघी शिक्षिका, तीन ओल्या छत्र्या आणि ओले रेनकोट. पहिलं वळण संपायच्या आत मागची काच आतून पांढरी होते. मागून एस.टी. येतेय की ट्रक, काही दिसत नाही. म्हणून डिफॉगर, म्हणजे मागच्या काचेवरच्या बारीक रेघा विजेने तापवून धुकं घालवायची सोय, ही माझ्यासाठी चैन नाही. पावसाळ्याचे चार महिने मी तो वायपरइतकाच वापरते.

गाडी २०१४ ची, हॅचबॅक. यंदा जूनमध्ये दोनदा सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली सापडली. एका दुकानात दाखवली, त्यांनी "बॅटरीचं आयुष्य संपलं" म्हणून नवी बसवली, पाच हजारांच्या वर गेले. जुलैत घाटात जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. मागे बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, डाव्या कोपऱ्यात काचेला हात लावून बघा, चटका बसतोय." गाडी कडेला घेऊन मी बघितलं. काच बाकी सगळीकडे कोमट होती, पण डावीकडे वायर जिथे काचेला जोडलेली असते तिथे बोट टेकवत नव्हतं. पिनेवरचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकलं होतं.

पहिल्यांदा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी डिकी उघडली, बघितलं आणि सांगितलं की काचेवरच्या तारा खराब झाल्यात, अख्खी काच बदलावी लागेल, नऊ-दहा हजार खर्च. तोवर डिफॉगरची वायर काढून ठेवू म्हणाले. मीटर कोणी लावला नाही. तिथून निघाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, कारण डिफॉगरशिवाय त्या धुक्यात गाडी चालवायची मला खरोखर भीती वाटते.

शाळेच्या बसचालकांनी वाईतल्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं, ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एकच शटर, बाहेर जुन्या डायनॅमोंचा ढीग, आत मिस्त्री आणि हाताखाली एक पोरगा. मी गाडी लावून "काच बदलायला सांगितलीय" म्हटलं. त्यांनी डिकी उघडलीच नाही. आधी विचारलं, "बाई, बटणावरचा दिवा विझल्यावर पण काच गरम राहती का?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं, आणि मीही कधी बघितलं नव्हतं. माझ्या गाडीत बटण दाबलं की बारा-पंधरा मिनिटांनी डिफॉगर आपोआप बंद होतो, दिवा विझतो. त्यांनी डिफॉगर लावून गाडी चालू ठेवली आणि आम्ही चहा घेतला. दिवा विझला. आणखी दहा मिनिटांनी काचेला हात लावला तर ती तशीच गरम! मग त्यांनी चावी काढून घेतली. गाडी बंद, चावी त्यांच्या खिशात, आणि तरीही क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) डिफॉगरच्या वायरीत करंट दिसत होता. "बॅटरी कधी उतरली होती का?" त्यांचा दुसरा प्रश्न. मी जूनचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बॅटरीचा दोष नव्हता. रिलेचे पॉइंट चिकटलेत. रात्रभर काच तापवत बसली असंल."

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढचं मी उभं राहून बघितलं आणि ते इथे नीट लिहायचं आहे. रिले म्हणजे छोट्या करंटच्या हुकमाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. माझ्या गाडीत रिलेला वीज थेट बॅटरीतून येते. बटण आणि टायमर फक्त रिलेला हुकूम देतात. आतले पॉइंट, म्हणजे टेकली की वीज जोडणारी धातूची टोकं, एकमेकांना चिकटले की हुकूम थांबला तरी वीज थांबत नाही. मिस्त्रींनी फ्यूजबॉक्समधल्या रिलेवर पेचकसाच्या मुठीने टिचकी मारली, "खट्" आवाज आला आणि मीटर शून्यावर गेला. म्हणजे तो कधी चिकटायचा, कधी सुटायचा. म्हणूनच रोज बॅटरी उतरत नव्हती. नंतर त्यांनी रिलेचं झाकण उघडून पॉइंट दाखवले, काळे आणि खड्डे पडलेले.

पण रिले बदलून ते थांबले नाहीत. सगळी काच सारखी तापायला हवी, मग एकच कोपरा का भाजतोय, हे त्यांनी वेगळं शोधलं. गाडी चालू, डिफॉगर चालू, मीटरची एक पिन काचेवरच्या डाव्या पट्टीला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला. डावी बाजू ही अर्थची, म्हणजे जिथून करंट गाडीच्या बॉडीत परत जातो ती. तिथे जेमतेम शून्य दिसायला हवं होतं, मीटरवर १.६ व्होल्ट आले. क्लॅम्प मीटर १४ अँपिअर दाखवत होता. मनातल्या मनात गुणाकार केला तर बावीस वॅटच्या वर उष्णता त्या नखाएवढ्या जोडात. मिस्त्रींनी भिंतीला लटकवलेलं लहान सोल्डरिंग आयर्न (वायरी डाग देऊन जोडायचं, विजेवर तापणारं हत्यार) दाखवलं आणि म्हणाले, "हे पंचवीस वॅटचं. तुमच्या काचेच्या कोपऱ्यात असं एक रोज लावून ठेवलेलं." वर्गात विजेपासून होणारी उष्णता इतकी चांगली मी कधी समजावलेली नाही.

पिन बाहेर काढली तेव्हा आत हिरवट बुरशीसारखा थर होता आणि तिची पकड सैल झाली होती. मूळ दोष ती सैल पिन. एरवी पंधरा मिनिटांत टायमर बंद करायचा, म्हणून ती फार तापत नसे. रिले चिकटायला लागल्यावर घाट चढून उतरेपर्यंत करंट चालूच, आणि तेव्हा प्लॅस्टिक वितळायला लागलं. एका दुखण्याने दुसरं वाढवलं होतं. शिवाय फ्यूजबॉक्समध्ये २० च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज निघाला. कुणी, कधी घातला मला माहीत नाही. मिस्त्री त्यावर चिडले. मोठा फ्यूज घातला म्हणून काही दुरुस्त होत नाही, वायर जळेपर्यंत फ्यूज उडत नाही एवढंच, असं त्यांनी पोरालाही बोलावून सांगितलं.

काम असं झालं : अर्थची वायर जळलेल्या भागाच्या मागे कापून नवं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबून बसवलं. काचेवरची चपटी पट्टी पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासली. तिचं सोल्डर मजबूत होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. डिकीच्या बिजागरीजवळ वायरी जातात ते रबरी नळकांडं उघडून आतली प्रत्येक वायर वाकवून बघितली, कारण डिकी उघड-बंद होऊन वायरी तिथेच तुटतात. २० चा फ्यूज परत घातला. नंतर ओल्या फडक्याने काच पुसून डिफॉगर लावला, की कोणती रेघ सुकत नाही ते दिसावं. खालून दुसरी रेघ मध्ये तुटलेली निघाली. डिकीत ठोकळे-खोक्यांचं सामान भरताना घासली असणार. मीटरच्या टोकाला ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळून रेघेवरून फिरवत त्यांनी नेमकी जागा शोधली. उघडं टोक फिरवलं तर रेघच खरवडते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वीज वाहून नेणाऱ्या चांदीयुक्त रंगाचा बारीक फराटा मारला आणि एक दिवस काच पुसू नका म्हणाले.

परत मोजलं तेव्हा १.६ च्या जागी ०.१ व्होल्ट. करंट १४ वरून साडेपंधरावर गेला होता, आणि तरी कोपरा कोमट. वाया जाणारी ताकद आता काचेला मिळते. धुकं आधीपेक्षा लवकर निघतं, हा माझा गेल्या तीन आठवड्यांचा अनुभव आहे.

एकूण १,१५० रुपये झाले, त्यात चांगल्या प्रतीचा रिले धरून. बिल हाताने वहीच्या कागदावर लिहिलं, पण त्यात रिले, थिंबल, रंग आणि मजुरी वेगवेगळी होती. जुना रिले न मागता हातात दिला.

गैरसोयी आहेत. बसायला एक लाकडी बाक, तोही बहुतेक वेळा सामानाने भरलेला. फोन उचलत नाहीत, गाडीच घेऊन जावं लागतं. माझा रिले साताऱ्याहून यायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस त्यांनी फ्यूज काढून ठेवायला सांगितलं आणि मी एस.टी.ने गेले. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली असतं. गाडी धुऊन, पुसून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

कुणाला असा त्रास असेल तर जाण्याआधी घरी एवढं बघून ठेवा : डिफॉगर आपोआप बंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी काच थंड होते का, आणि गरम असेल तर सगळीकडे सारखी की एकाच कोपऱ्यात. मिस्त्री हेच विचारतात. मागच्या काचेवर ब्लेडने स्टिकर खरवडू नका, आणि आतून पुसताना फडकं रेघांच्या दिशेने, आडवं फिरवा. रेघा काचेवर भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या असतात, पण खरवडल्यावर त्या तुटतातच.

काल संध्याकाळी पाचगणीजवळच्या दांडेघरपासून खाली धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे दिवेही जेमतेम दिसत होते. चौदाव्या मिनिटाला बटणावरचा दिवा विझला. मागे बसलेल्या बाईंनी कोपऱ्याला तळहात लावला आणि तो तिथेच ठेवून म्हणाल्या, "गारच आहे."